गोल्फच्या मैदानाखालची माती

२०२६ च्या जुलैची ‘द ओपन’ साउथपोर्टच्या रॉयल बर्कडेलवर. मँचेस्टरहून रेल्वेने सव्वा-दीड तासाचा रस्ता. आपल्या मंडळातल्या काही घरांत आतापासून बेत सुरू आहेत, आणि त्या बेतांबरोबर मुलांचा एक प्रश्नही. गोल्फच्या चार ‘मेजर’ स्पर्धांपैकी तीन अमेरिकेत होतात. त्या शहराच्या कडेला, झाडांच्या मधोमध, कुठेही भरतात. मग ही चौथी कायम समुद्राकाठीच का? नुसती परंपरा म्हणून?

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. गोल्फ खेळतो तो महिन्यातून एखाद्या वेळी, तोही नऊ होलचा. तरी या प्रश्नावर लिहायचं ठरवलं, कारण त्याचं उत्तर खेळात कमी आणि मातीत जास्त आहे. माती हा विषय आमच्या गावाकडे प्रत्येकाचा असतो.

माझं गाव भीमपूर. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. सरकारी कागद तेलुगूत, घरातलं बोलणं मराठीत. टिपेश्वरच्या जंगलातले वाघ तर राज्याची हद्द न विचारता नदी ओलांडून आमच्या वावरांत येतात. जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस झाला की तीच माती फुगते, चपलेला धरून बसते, आणि वावरातून घरी येईपर्यंत माणूस चार बोटं उंच झालेला असतो. ती पाणी धरून ठेवते म्हणून तर पऱ्हाटी तग धरते. पण तिच्यावर चेंडू मारून बघा. ओली असेल तर पडेल तिथेच रुतेल, वाळली असेल तर भेगेत जाईल. म्हणून आम्ही क्रिकेट खेळायचो ते गावाबाहेरच्या बरड गायरानात, जिथे काही पिकत नव्हतं तिथे.

क्रिकेट बघणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. वानखेडेची लाल माती आणि नागपूरची काळी माती यांवर एकच गोलंदाज दोन वेगळे गोलंदाज वाटतो. गोल्फमध्ये हा फरक खेळपट्टीपुरता राहत नाही, दीड-दोनशे एकरांवर पसरतो.

समुद्र न दिसणारा समुद्रकाठ

ज्या मैदानांवर द ओपन होते त्यांना ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला वाळूचा पट्टा म्हणजे लिंक्स. हजारो वर्षांपूर्वी समुद्र मागे सरला, वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या, त्यांवर बारीक, चिवट गवत आलं. नांगर धरायला ही जमीन निकामी. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे. पाऊस पडला की पाणी सरळ खाली उतरतं, गवत खुरटंच राहतं आणि चेंडू टप्पा घेऊन लांबवर घरंगळतो. मेंढ्या वाऱ्यापासून बचावायला खळग्यांत बसून बसून गवत झिजलं आणि त्यातूनच पहिले बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तयार झाले असंही सांगतात.

लिंक्स समजून घ्यायला मी आधी लिदम सेंट ॲन्सला जायला सांगेन. ब्लॅकपूलच्या दक्षिणेला हे गाव आहे. इथलं रॉयल लिदम मैदान द ओपनचं जुनं यजमान, पण तिथे उभं राहून समुद्र शोधला तर दिसत नाही. एका बाजूला रेल्वेचे रूळ, बाकी बाजूंना लाल विटांची घरं. समुद्र जवळपास अर्ध्या मैलावर. तरीही हे अस्सल लिंक्स, कारण खाली वाळू आहे. १९७९ च्या ओपनमध्ये सेव्ह बायेस्तेरोसचा सोळाव्या होलवरचा फटका तात्पुरत्या कार पार्कमध्ये गेला. त्याने तिथून चेंडू ग्रीनवर आणला आणि स्पर्धा जिंकली. वाऱ्याने तुडवून कडक झालेल्या जमिनीवर खेळताना सरळ रेषेइतकीच कल्पनाशक्तीही लागते, हे सांगायला इथले लोक अजून तीच गोष्ट सांगतात.

उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचं. ‘समुद्रकाठचं गोल्फ’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच चित्र: कड्यावर हिरवळ, खाली पॅसिफिक. १९१९ साली सुरू झालेल्या या मैदानावर १९७२ पासून २०१९ पर्यंत सहा वेळा यूएस ओपन झाली. समुद्र इतका जवळ की चेंडू सहज त्यात जातो. तरी जाणकार त्याला लिंक्स म्हणत नाहीत. ते कड्यावरचं मैदान, आणि तिथली माती वाळूची नाही. म्हणजे आपण ज्याला ‘किनारा’ म्हणतो ते बघायचं पायाखाली, क्षितिजाकडे नव्हे.

हॉयलेकची पिवळी जमीन

लिव्हरपूलहून विरल भागात जाणारी लोकल हॉयलेकला सोडते. आमच्या भागातल्या माणसाने लिव्हरपूलला उतरावं ते थोडं थांबून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ या काळात, तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरू लागला. इथल्या बाजारात त्या मालाचं नाव ‘उमरावती’ होतं, म्हणजे आपली अमरावती. काळ्या मातीतलं पीक या वाळूच्या किनाऱ्यावर येत होतं त्याच सुमारास, १८६९ साली, हॉयलेकचा क्लब निघाला. आधी ती घोड्यांच्या शर्यतीची जागा. सुरुवातीची काही वर्षं घोडे आणि गोल्फवाले दोघेही तीच जमीन वापरत.

२००६ च्या जुलैमध्ये इथे कडक उन्हाळा होता. गवत पिवळं पडलं, जमीन कडक झाली, एप्रिलमधल्या आपल्या माळासारखी. त्या आठवड्यात टायगर वुड्सने सगळ्यांत लांब मारणारी ड्रायव्हर ही काठी चार दिवसांत एकदाच वापरली. बाकी वेळ लोखंडी काठ्यांनी चेंडू ठेवून ठेवून खेळला आणि जिंकला. जमीनच चेंडूला पुढे नेत असेल तर जोर कशाला लावायचा, हा त्याचा हिशोब. २०२३ ला त्याच मैदानावर शेवटच्या दिवशी पाऊस आणि गारठा. अमेरिकेचा ब्रायन हार्मन सहा फटक्यांनी जिंकला, आणि आपला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. द ओपनमधली भारतीयाची ही सर्वोत्तम कामगिरी. मैदान तेच, पण एका वेळी वाळवंट आणि दुसऱ्या वेळी आषाढ.

सेंट अँड्र्यूजचं गायरान

आता स्कॉटलंड. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर २०२२ साली दीडशेवी ओपन झाली. तिथली ती तिसावी. २ लाख ९० हजार प्रेक्षक आले, हा ओपनचा विक्रम. मी गेलो तेव्हा माझं लक्ष वेधलं ते पहिल्या आणि अठराव्या होलवरून आडव्या जाणाऱ्या रस्त्याने. सार्वजनिक वाट आहे ती. खेळाडू फटका मारायच्या तयारीत उभा, आणि समोरून एखादं कुटुंब टॉवेल, बादली, फावडं घेऊन वेस्ट सँड्स किनाऱ्याकडे चाललेलं. खेळ थांबतो, लोक जातात, खेळ सुरू होतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

कारण ती जमीन गावाची आहे. आपल्या भाषेत गायरान. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टनने लिहून दिलेल्या सनदेत या वाळवंटावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदलेला आहे. पुढे १७९७ च्या सुमारास नगरपालिका कर्जात बुडाली आणि जमीन हातची गेली. ज्यांच्याकडे गेली त्यांनी तिथे विक्रीसाठी ससे पाळले. सशांनी मैदान पोखरलं. मग वीसेक वर्षं कोर्टात आणि मैदानावर भांडण चाललं, एका बाजूला ससेवाले, दुसऱ्या बाजूला गोल्फवाले आणि गावकरी. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या स्थानिक जमीनदाराने, जो स्वतः गोल्फ खेळायचा, जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या ताब्यात आली, आणि १९७४ पासून एक ट्रस्ट तिची देखभाल करतो. टीव्हीवर दिसणारी दगडी क्लबहाउसची इमारत आहे रॉयल अँड एन्शंट क्लबची. मैदान मात्र त्या क्लबच्या मालकीचं नाही.

रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतं. मोठ्या स्पर्धेचा रविवार तेवढा अपवाद. त्या दिवशी गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात, मुलं बंकरमध्ये उतरून खेळतात, स्विल्कन ओढ्यावरच्या इटुकल्या दगडी पुलावर फोटो काढतात. जगातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेचं मैदान, आणि तिकीट नाही, फाटक नाही.

आमच्याकडच्या गायरानांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गुरं बसायची, मुलं खेळायची, जत्रेचा तंबू पडायचा. कुणाच्या एकट्याच्या कामाची नाही म्हणून ती जमीन सगळ्यांची होती, आणि कुणाच्याच नावावर नाही म्हणून ती हळूहळू आकसत गेली. कुठे अतिक्रमण, कुठे सरकारी इमारत, कुठे प्लॉट. सेंट अँड्र्यूजचं गायरानही एकदा गेलंच होतं. ते परत मिळवायला गावाने शंभर वर्षं चिकाटी धरली. मला त्या मैदानाचा मोठेपणा तिथे जिंकलेल्यांच्या यादीपेक्षा या चिकाटीत जास्त दिसतो.

इथे आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला आणि त्याने थोड्याच वर्षांत सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक पदक भेट दिलं. ‘बॉम्बे मेडल’ या नावाने ते आजही तिथल्या वसंतातल्या स्पर्धेत दिलं जातं.

आतल्या भागात सगळं घडवावं लागतं

अमेरिकेतल्या मेजर स्पर्धा बहुतेक वेळा समुद्रापासून लांब होतात, याचं कारण साधं आहे. मोठी शहरं, त्यांच्या कडेचे श्रीमंत क्लब, हॉटेलं, गाड्या लावायला जागा. पण माती तिथे सोपी नसते. ऑगस्टा नॅशनलची जागा पूर्वी फळझाडांची आणि फुलझाडांची रोपवाटिका होती, म्हणजे चांगली पिकाऊ जमीन. १९३४ पासून तिथे मास्टर्स होते. तिथल्या ग्रीनखाली पाइप आणि पंखे बसवलेले आहेत, जे मातीतलं पाणी ओढून काढतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लिंक्सवर निचरा मूळ हार्डवेअरमध्येच येतो, ऑगस्टाला तो वेगळा बसवून चालू ठेवावा लागतो.

एकच वर्ष बघा. २०२५ च्या चार मेजरपैकी तीन आतल्या भागात झाल्या. मे महिन्यात शार्लटच्या क्वेल हॉलोवर पीजीए चँपियनशिप होती. आधीच्या दिवसांत मुसळधार पाऊस झाला आणि पहिल्या दिवशी चेंडूला चिखल चिकटू लागला. चिखल लागलेला चेंडू हवेत कुठे वळेल सांगता येत नाही. मोठमोठे खेळाडू कुरकुरले. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँटवर यूएस ओपन झाली. शेवटच्या दिवशी पावसाने खेळ थांबला, आणि चार दिवसांनंतर पारच्या खाली एकटा जे. जे. स्पॉन उरला, तोही फक्त एका फटक्याने. ओकमाँटला वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून तिथे अवघडपणा माणसांनी घडवला आहे: घोट्याच्या वर येणारं गवत, काचेसारखी घसरडी ग्रीन, लांबच लांब बंकर.

म्हणजे वाळू हरत नाही असं मात्र नाही. २०१५ ला सेंट अँड्र्यूजवर आधी पावसाने खेळ तीन तास उशिरा सुरू झाला, मग शनिवारी वारा इतका की ग्रीनवर ठेवलेला चेंडू आपोआप चालू लागला. स्पर्धा सोमवारी संपली. पण तो निसर्गाशी सरळ सामना होता. आतल्या मैदानावर सामना असतो तो मैदान बांधणाऱ्याच्या डोक्याशी.

आणि तिसरा प्रकार म्हणजे नकली किनारा. विस्कॉन्सिनमधलं व्हिसलिंग स्ट्रेट्स लेक मिशिगनच्या काठी आहे. सैन्याची जुनी सपाट धावपट्टी होती तिथे. पीट डाय या रचनाकाराने हजारो ट्रक वाळू-माती आणून टेकड्या उभ्या केल्या, वर स्कॉटिश मेंढ्याही सोडल्या. १९९८ ला ते खुलं झालं. २०१५ च्या पीजीए चँपियनशिपमध्ये तिथे अनिर्बन लाहिरी संयुक्त पाचवा आला. मेजर स्पर्धेतलं भारतीय पुरुषाचं हे आजवरचं सगळ्यांत वरचं स्थान. लाहिरीचा जन्म पुण्याचा. त्याच्या आधी २००८ मध्ये मिशिगनच्या ओकलंड हिल्सवर, म्हणजे पूर्ण आतल्या मैदानावर, जीव मिल्खासिंग संयुक्त नववा आला होता. ओकलंड हिल्स, व्हिसलिंग स्ट्रेट्स, हॉयलेक: आतली माती, आणलेली वाळू, खरी वाळू. आपल्या तिघांनी तिन्हींवर पाय रोवून दाखवले आहेत.

मग कोकणात का नाही?

महाराष्ट्राला सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा आहे. तरी आपली नावाजलेली मैदानं आतलीच: चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, पुण्याचं पूना क्लब, डोंगराच्या कुशीतलं खारघर. हैदराबादेत तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गोल्फ चालतं. देशाची इंडियन ओपनही दिल्ली, कोलकाता, गुरुग्राम, बंगळुरू अशीच फिरली. गंमत म्हणजे तिच्या मुळाशी एक लिंक्सवाला आहे. १९५४ ला बर्कडेलवर पहिली ओपन झाली ती जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. १९६४ मध्ये इंडियन ओपन सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता, आणि पहिली स्पर्धा दिल्लीत त्यानेच जिंकली.

कोकणात लिंक्स नसण्याचं कारण मला पुन्हा जमिनीतच दिसतं. तिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यात खुरटं गवत खुरटं राहत नाही. आणि वाळूला लागून असलेली जमीन कोकणात कधीच निकामी नव्हती. तिथे माड आहेत, सुरूची बनं आहेत, मासे वाळत घालायची जागा आहे, माणसांची घरं आहेत. स्कॉटलंडला जे ओसाड होतं ते आपल्याकडे कुणाच्या तरी पोटाचं साधन होतं. आपल्या किनाऱ्यावर मेजर होत नाही याचं मला म्हणूनच वाईट वाटत नाही.

यजमान कुणाला करायचं?

चांगली वाळू असली की ओपन मिळते असंही नाही. रस्ते, रेल्वे, लाखो लोकांना पुरेल एवढी जागा लागते. आणि आता दार कुणाला उघडं आहे हेही बघितलं जातं. एडिनबर्गजवळच्या म्यूरफिल्डच्या क्लबने २०१६ मध्ये स्त्रियांना सभासद करून घ्यायचा ठराव फेटाळला. त्याच दिवशी ओपनच्या आयोजकांनी त्यांना यजमानांच्या यादीतून वगळलं. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होऊन ठराव मंजूर झाला आणि २०२२ मध्ये स्त्रियांची ओपन म्यूरफिल्डवर झाली. ऑगस्टानेही पहिल्या दोन स्त्री सभासद घेतल्या त्या २०१२ साली. आपल्या मुलींना मैदान दाखवताना हा भागही सांगायला हवा.

दुसरी चिंता समुद्राची. ज्याने ही जमीन दिली तो ती परत घ्यायला लागला आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मॉन्ट्रोझला लाटांनी मैदानाचा कडेचा भाग खाल्ला आहे आणि होल आतल्या बाजूला सरकवावे लागले आहेत. गोल्फचं हे सगळ्यांत जुनं रूप आपल्या नातवंडांना याच जागी दिसेल, असं खात्रीने म्हणता येत नाही.

जायचं असेल तर

बर्कडेलला स्पर्धेच्या आठवड्यात गर्दी सोसत नसेल तर आधी किंवा नंतर जा. मैदानाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून चालता येतं, आणि त्याच किनाऱ्यावर फॉर्म्बीच्या पाइनच्या झाडीत लाल खारी दिसतात, त्यामुळे लहान मुलंही कंटाळत नाहीत. हॉयलेकला गेलात तर शेजारच्या वेस्ट कर्बीहून ओहोटीच्या वेळी हिल्ब्रे बेटावर चालत जाता येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा.

सेंट अँड्र्यूजला रविवारी जा. ओल्ड कोर्सवर खेळायचं तर तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, पण चालायला काहीच लागत नाही. खेळायचंच असेल तर शेजारी ‘हिमालय’ नावाची उंचसखल हिरवळ आहे. १८६७ मध्ये निघालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबची. थोडे पौंड दिले की काठी आणि चेंडू मिळतो, आणि आजीपासून नातवापर्यंत कुणीही खेळू शकतं. आमची आई गावाहून आली होती तेव्हा तिने तिथे साडीवर अठरा होल पुरे केले. मग खाली वाकून चिमूटभर वाळू हातात घेतली, बोटांतून सोडली आणि म्हणाली, “हिच्यात तर काहीच येणार नाही रे. खेळायलाच बरी.”